अर्ध्यावर उठणारी बाई

नाटकमंडळीत त्याला सगळे चष्मेवाला म्हणत, कारण तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. त्याला स्वतःला चष्मा नव्हता, यावरून तालमीत दिवसाआड तरी कुणीतरी थट्टा करायचंच. पोट दुकानावर चालायचं आणि जीव नाटकावर. आजवर त्याच्या वाट्याला शेजारी, डॉक्टर, पोस्टमन अशीच कामं आली होती. दार वाजवायचं, चार वाक्यं टाकायची आणि विंगेत जाऊन चहा प्यायचा. त्यामुळे तात्यांनी नव्या नाटकातली मुख्य भूमिका त्याच्या पदरात टाकली तेव्हा बायकोनं आधी विचारलं, "का हो, दुसरं कुणी मिळालं नाही का त्यांना?" आणि मग आठवडाभर तीच सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटली.

तात्या म्हणजे मंडळीचे लेखक, दिग्दर्शक आणि प्रसंगी पडदा ओढणारे. दिवसा ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. लग्नाची पत्रिका हातात आली तरी आधी वेलांटी बघायचे, मग मुहूर्त.

नाटक गावात घडलेल्या एका गोष्टीवर होतं. गावाच्या कडेला पूर्वी कापड रंगवायचा कारखाना होता. एका सकाळी तिथला बॉयलर भलताच आवाज करू लागला. बॉयलर सांभाळणाऱ्या माणसानं आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं आणि तोही बाहेर आला. आवारात उभा राहून पाणी प्यायला. हात पुसले. आणि मग कुणाला काही न सांगता तो परत आत गेला. पाठोपाठ स्फोट झाला.

तो परत का गेला, हे कुणालाच कळलं नाही. गोष्ट जुनी झाली, कारखाना पाडला, पण हा प्रश्न सलत राहिला. कुणी म्हणे, वाफेची झडप उघडायला गेला. कुणी म्हणे, डबा आणायला गेला. कुणी म्हणे, कुणीतरी आत राहिलंय असं त्याला वाटलं.

तात्यांनी या प्रश्नाला उत्तर दिलं. त्यांच्या नाटकातला बॉयलरवाला मानी होता. आपल्या हातात आल्यापासून हे यंत्र कधी बंद पडलं नाही, याचा त्याला गर्व. दुसऱ्या अंकात मॅनेजर त्याला डिवचतो, हाताखालचा माणूस विनवण्या करतो, आणि तो छाती पुढे काढून म्हणतो, "हे यंत्र माझ्या शब्दाबाहेर नाही!" आणि लोखंडी दार ढकलून आत जातो. या वाक्याला टाळी ठरलेली. दार अर्थात प्लायवूडचं होतं, सुतारानं त्याला काळा रंग फासला होता. बॉयलरचा आवाज म्हणजे मंडळीतल्या अभिनेत्रीच्या घरच्या कुकरचा आवाज, ध्वनिमुद्रित करून मंद केलेला. पण अंधारात ऐकला की कुणाला कुकर आठवायचा नाही.

सगळे नोकरदार, म्हणून प्रयोग सुट्टीच्या दिवशी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात व्हायचे. नाटक चाललं. मंडळीला सवय नव्हती इतकं चाललं.

ती बाई चष्मेवाल्याच्या नजरेत भरली ती याच प्रयोगांत. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. वय झालेलं, साडी साधी, मांडीवर पिशवी. रंगमंचावरून प्रेक्षक दिसत नाहीत म्हणतात, पण पहिली रांग दिसते, आणि न बघायचं ठरवलं की जास्तच दिसते. ती प्रत्येक प्रयोगाला यायची. आणि प्रत्येक प्रयोगाला मध्यंतरात उठून जायची ती परत यायचीच नाही. दुसऱ्या अंकाला पडदा उघडला की ती खुर्ची रिकामी.

"तुझा अभिनय पहिल्या अंकापर्यंतच सोसतो तिला," नाटकात त्याची बायको होणारी अभिनेत्री म्हणाली. सगळे हसले. तोही हसला. पण त्या रिकाम्या खुर्चीनं त्याला घेरलं. दुसऱ्या अंकात प्रेक्षकांकडे तोंड केलं की ती खुर्ची त्याच्याकडे बघत असायची.

आणखीही एक गोष्ट होऊ लागली होती, जी त्यानं कुणाला सांगितली नव्हती. यंत्राचा आवाज आला की तो मान डावीकडे वळवून उजवा कान दाराकडे करायचा. हे संहितेत नव्हतं, तालमीत कुणी सांगितलं नव्हतं. एका प्रयोगात ते आपोआप झालं आणि मग अंगालाच चिकटलं. तात्यांनी पाठ थोपटली, "फार छान सुचलं तुम्हाला." पण ते सुचलेलं नव्हतं. त्याची मान कुणीतरी हलक्या हातानं वळवावी तसं ते व्हायचं.

एके दिवशी सकाळी ती बाई दुकानात आली.

त्यानं तिला ओळखलं. तिनं ओळख दाखवली नाही. "नंबर बदललाय वाटतं," ती म्हणाली. "मागून दिसत नाही नीट. पुढं बसावं लागतं."

त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, तपासणीची जड चौकट नाकावर ठेवली आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बघायला सांगितलं. एक भिंग काढायचं, दुसरं घालायचं.

"हे स्पष्ट, की हे?"

"पहिलं."

"आता? हे, की हे?"

"हे स्पष्ट दिसतात," ती म्हणाली. "पहिल्या रांगेतून तर अगदी जवळ दिसतात."

"दिसतात? कोण दिसतात?"

"आमचे हे."

त्याच्या हातात भिंग तसंच राहिलं. बाई भिंतीकडे बघतच बोलत होती, जणू तिथल्या अक्षरांतच हे सगळं लिहिलेलं होतं.

"तुम्ही फडक्याला हात पुसता ना, आधी पंजा, मग एकेक बोट... तसेच पुसायचे. आणि एक विचारू? त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," तो म्हणाला.

"बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. कामावरून काढतील म्हणून लपवायचे." तिनं चौकट नाकावर सारखी केली. "भिऊ नका. मी काही बोल लावायला आलेले नाही."

खरं तर तो भ्यालाच होता. भर सकाळी, बाहेर रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत असताना, त्याच्या मानेवर काटा आला. बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "मग तुम्ही मध्येच उठून का जाता?"

"मध्ये कुठं? तेव्हा ते बाहेर आलेले असतात. सगळे सुखरूप, हेही सुखरूप. पाणी पितात, हात पुसतात. पडदा पडतो. मग मी घरी जाते." ती जराशी हसली. "घरी जाईपर्यंत, भाजी चिरेपर्यंत, बरं वाटतं. पुढचं मला कशाला बघायचंय? पुढचं मी बघितलंय."

"पुढं काय होतं ते ठाऊक आहे तुम्हाला? नाटकात?"

"सांगायला लोक आहेत की. शेजारीण म्हणाली, तुमचे मालक एवढे हट्टी होते होय! आमचा मुलगा बघून गेला दोन वेळा. आता तोही म्हणतो, बाबांचा गर्व नडला. इतकी वर्षं त्यानं या विषयावर तोंड उघडलं नव्हतं." तिनं पदर सारखा केला. "गर्व कसला हो? घाबरट होते. त्या बॉयलरला तर इतके घाबरायचे की कामावर निघताना चप्पल उलटी-सुलटी घालायचे. माझं काम करणारी ती बाई फार रडते म्हणे. मी नाही रडले. निरोप आला तेव्हा दूध उतू चाललं होतं, ते आधी उतरवलं. ते कुणी नाटकात घेतलं नसतं."

"मग परत का गेले असतील?"

बाईनं पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड वळवलं. दोन जड भिंगांमागे तिचे डोळे भलतेच मोठे दिसत होते.

"तेच तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही दर वेळी जाता. का जाता?"

"मॅनेजर टोचून बोलतो. मग मी..."

"ते नाटकातलं झालं. तुम्ही. तुम्ही दाराशी उभे असता तेव्हा आतून काय वाटतं?"

त्यानं चौकट काढून घेतली आणि नंबर लिहून घेतला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो छापखान्यात गेला. यंत्रांच्या खडखडाटात तात्या काचेच्या केबिनमध्ये लाल पेन्सिल घेऊन बसले होते. त्यानं सगळं सांगितलं, फक्त कानाचं सोडून. तात्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बाईंबद्दल वाईट वाटतं मला. खरंच. पण ते वाक्य निघणार नाही."

"तात्या, तो गर्विष्ठ नव्हता."

"तो नसेल. आपला आहे. अहो, रस्त्यानं जाताना डोक्यात वीट पडून माणूस मेला तर आपण काय म्हणतो? वाईट झालं. हळहळतो आणि जेवायला बसतो. ती शोकांतिका नव्हे. शोकांतिकेत माणूस स्वतःच्या पायानं चालत जातो. चांगला असतो, मोठा असतो, आणि त्या मोठेपणातच कुठेतरी एक बारीक चीर असते. आपल्याला ती दिसते, त्याला दिसत नाही, म्हणून आपण खुर्चीत बसून तळमळतो. ती चीर काढून टाका, मग उरतं काय? नुसता धडाका."

"पण ती चीर त्याची नव्हती. आपण पाडली."

पलीकडे यंत्र कागद गिळत होतं आणि बाहेर टाकत होतं.

"आमची ही जिन्यावरून पडून गेली, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?" ते शेवटी म्हणाले. "पायरी ओली नव्हती. दिवा होता. चप्पल जुनीच, पायात बसलेली. मी अजून घरी गेलो की तो जिना तपासतो. एक चूक द्या मला, चष्मेवाले. कुणाचीही. माझी असली तरी चालेल. घडलं ते जसंच्या तसं घेऊन माणसाला जगता येत नाही हो. म्हणून तर नाटकं लिहायची."

तो उठला. दारापाशी पोचल्यावर तात्यांनी हाक मारली, "वाक्य म्हणाल ना?"

"म्हणेन," तो म्हणाला. तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं.

पुढच्या प्रयोगाला पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती. पडदा उघडण्याआधी त्यानं फटीतून बघितलं, तर बाई मध्यावर कुठंतरी बसली होती, नव्या चष्म्यानं तेवढी सोय झाली होती. तिच्या शेजारी एक थोराड बांध्याचा माणूस हाताची घडी घालून बसला होता. पहिला अंक झाला. तो पाणी प्यायला, त्यानं हात पुसले, पडदा पडला. विंगेतल्या फटीतून त्यानं पुन्हा बघितलं. लोक चहाला उठले, परतले, दिवे मंद झाले. बाई जागची हलली नव्हती.

दुसरा अंक. मॅनेजर डिवचून निघून गेला. हाताखालच्या माणसानं विनवण्या केल्या. आता वाक्य. दाराआडून आवाज सुरू झाला आणि त्याची मान वळली. कुकरचा आवाज आहे हे त्याला ठाऊक होतं, कुकर कुणाचा तेही ठाऊक होतं. पण आज तो कानाला आधी लागला नाही. आधी तळपायांना लागला. फळ्यांमधून वर चढला, पोटऱ्यांत, मांड्यांत. वाक्य तो विसरला नव्हता. वाक्य समोर उभं होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं, आपल्या मापाच्या नसलेल्या कोटासारखं. विंगेतून तात्यांनी ते हळूच पुरवलं. पुन्हा पुरवलं. सभागृहात कुणीतरी खाकरलं. मग तेही थांबलं.

तो थरथरत होता. हा अभिनय नव्हता. पळून जावं, उड्या टाकून खाली जावं, रस्त्यावर, उन्हात, असं त्याच्या सगळ्या अंगाला वाटत होतं.

"अहो."

आवाज मोठा नव्हता. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पोचावा एवढाच.

"अहो, नका ना जाऊ."

हाक त्याच्यासाठी नव्हती, आणि तरी मान त्याचीच वळली. अंधारात काही दिसत नव्हतं. काहीतरी सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. येतोच, असं म्हणावं. काळजी करू नकोस म्हणावं. पण सांगण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. त्यानं खूप शोधलं. गर्व नव्हता, राग नव्हता, कर्तव्यसुद्धा नव्हतं. नुसती भीती होती. आणि त्या भीतीतच एक पाऊल पुढं पडलं, मग दुसरं. ती पावलं त्यानं टाकली की त्याच्याकडून टाकली गेली, हे त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही. त्यानं दाराला हात लावला. प्लायवूडचं ते दार गरम होतं.

तो आत गेला.

पुढचा प्रसंग अभिनेत्रीच्या आक्रोशाचा. ती धावत आली, मध्यावर थबकली आणि नुसती उभी राहिली. पडदा पडला तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. खुर्च्या सरकल्याचे आवाज तेवढे आले, आजारी माणसाच्या खोलीतून लोक उठतात तसे.

रंग पुसायला तो आरशासमोर बसला आणि तो थोराड माणूस आत आला. मागोमाग बाई. माणसाचे डोळे लाल झाले होते.

"काय केलंत हे?" तो म्हणाला. "आमचे बाबा असे मेले? कापत?"

चष्मेवाला उभा राहिला.

"आधी निदान वाघ होते. हट्टी होते, चुकले, पण वाघ होते! लोक येऊन मला सांगायचे, तुझा बाप काय छातीचा माणूस होता. जन्मभर कुणी माझ्यापाशी त्यांचं नाव काढलं नव्हतं, आणि या नाटकानं मला बाप दिला. आज तुम्ही तो काढून घेतलात. काय हक्क होता तुम्हाला?"

"हक्क नव्हता," चष्मेवाला म्हणाला.

"मग का?"

"ठाऊक नाही. मला ते वाक्य म्हणता आलं नाही."

"आणि आत का गेलात? एवढे घाबरला होतात तर?"

"तेही ठाऊक नाही."

मुलगा ताडकन वळला आणि निघून गेला. बाई मात्र थांबली. तिनं आरशासमोरचं रंगाचं फडकं उचललं आणि उगाच घडी घालून परत ठेवलं.

"ठाऊक नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "इतक्या वर्षांत मला सगळ्यांनी कारण सांगितलं. कारखान्यातल्या साहेबांनी, शेजाऱ्यांनी, माझ्या भावानं. ठाऊक नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. मीच तेवढी म्हणायची, तेही मनात." मग लगबगीनं, "जाते मी. तो खाली रागानं चालत सुटेल, मला गाठायला नको का?"

मंडळीला वाटलं, आता तात्या आकाशपाताळ एक करणार. तात्या आले, रिकाम्या रंगमंचावर जाऊन त्या दारासमोर उभे राहिले. तेही हात लावून बघतील असं चष्मेवाल्याला वाटलं. त्यांनी लावला नाही. पुढच्या तालमीला त्यांनी संहितेतल्या त्या वाक्यावर लाल रेघ मारली. त्याच्या जागी काय, असं अभिनेत्रीनं विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. जागा मोकळी."

त्या मोकळ्या जागेनं नाटकाचं नुकसान केलं, हे मान्य करायला हवं. टाळीची जागाच गेली. लोक बाहेर पडताना एकमेकांना विचारायचे, पण तो गेला कशाला? काहींना ते अर्धवट वाटलं. काही जण मात्र दुसऱ्यांदा आले, आणि दाराचा प्रसंग आला की शेजाऱ्याचा हात धरून बसले. चष्मेवाल्याला प्रत्येक वेळी नव्यानं भीती वाटायची. कधी पाऊल लवकर पडायचं, कधी इतका वेळ लागायचा की विंगेत सगळे श्वास रोखून उभे राहायचे. आज आपण जाणारच नाही, असंही त्याला वाटायचं. पण तो जायचा.

बाई पुन्हा आली नाही.

ती भेटली ती भाजी बाजारात, टोमॅटो निवडताना. तिनंच हाक मारली. चष्मा छान लागलाय म्हणाली. मुलाचं विचारावं की नाही, या विचारात तो घुटमळला, तर तिनंच विषय काढला.

"महिनाभर बोलला नाही माझ्याशी. परवा आला. आल्या आल्या विचारलं, आई, बाबांना कशाकशाची भीती वाटायची?" तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "सांगत बसले मग दुपारभर. विजेची, कुत्र्याची, दात काढणाऱ्या डॉक्टरची. माझ्या वडिलांची तर इतकी, की सासुरवाडीला आले की मागच्या दारानं यायचे. याला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा पाडीन म्हणून चक्क खाली बसले, जमिनीवर. हे त्याला ठाऊकच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं ना. हसला, मग रडला, मग जेवून गेला."

तिनं टोमॅटो पिशवीत घातले. नाटक अजून चालू आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, आहे, सुट्टीच्या दिवशी असतं.

"आणि तुम्ही जाता? अजून?"

"जातो," तो म्हणाला.

बाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं, त्याच्या चेहऱ्याकडे, मग हातांकडे. बाजारात गलका चालला होता. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"सांभाळून जा हं," ती म्हणाली, आणि गर्दीतून घराकडे चालू लागली.